जबड्याचा सांधा झिजलाय का? ओपीजी, सीबीसीटी की एमआरआय, कशात काय दिसतं?

घास चावताना कानापाशी दुखतं, जांभई देताना कर्रकर्र आवाज येतो, आणि कान तपासला तर तो ठणठणीत निघतो. अशा वेळी दुखणं कानाच्या अगदी पुढे असलेल्या जबड्याच्या सांध्याचं असू शकतं. गुडघ्यासारखाच हा सांधाही झिजतो. त्यालाच जबड्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात.

परभणी जिल्ह्यातल्या वालूरसारख्या गावातून तपासणीला शहरात जायचं म्हणजे गाडीभाडं आणि एका दिवसाची मजुरी. त्यामुळे कोणत्या फोटोत काय दिसतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

बहुतेकांचा पहिला फोटो ओपीजी असतो. मशीन डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एकाच फोटोत येतात. तो स्वस्त असतो, पण चित्र सपाट असतं आणि हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. सुरुवातीची झीज त्यात सुटू शकते. म्हणून 'ओपीजी नॉर्मल' म्हणजे सांधा नॉर्मलच, असं नाही.

हाडाची झीज नीट पाहायची तर सीटी किंवा सीबीसीटी लागतो. सीबीसीटी म्हणजे जबड्यासाठीचा त्रिमितीय स्कॅन. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डीसी/टीएमडी' या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार त्यात चार खुणा शोधतात: कुरतडल्यासारखं हाड, पृष्ठभागाखालची पोकळी, कडेला वाढलेलं हाडाचं टोक आणि आतपर्यंत घट्ट झालेलं हाड. यातली एक दिसली तरी झीज धरतात. रिपोर्टमधला 'फ्लॅटनिंग' हा शब्द वाचून मात्र लगेच घाबरू नका. सांध्याचं टोक नुसतं चपटं असणं पुरेसा पुरावा नाही.

एमआरआयचं काम वेगळं आहे. सांध्यातली मऊ चकती सरकली आहे का, आत पाणी साचलंय का, हे त्यात कळतं. तोंड बंद ठेवून आणि उघडून, अशा दोन्ही स्थितीत तो काढतात. त्यात रेडिएशन नसतं, पण खर्च जास्त. फक्त झीज पाहायची असेल तर तो सहसा पहिल्याच भेटीत लागत नाही.

आणखी एक गोष्ट. फोटो आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. भरपूर झीज दिसूनही काहींना त्रास नसतो. त्यामुळे बोटांनी सांधा चाचपणं आणि तोंड किती उघडतं हे मोजणं फोटोच्या आधी व्हायला हवं.

गुटखा, सुपारी खाणाऱ्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो सुटलेला नाही. या सवयीने गालाची आतली त्वचा ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. हा सबम्यूकस फायब्रोसिस, कॅन्सरकडे जाऊ शकणारा आजार. सांध्याच्या एक्स-रेत तो दिसत नाही. तिखट झोंबणं, गाल ताठ लागणं ही त्याची लक्षणं, आणि मग फोटोची वाट न पाहता तोंड तपासून घ्यावं.

वालूरहून जवळचं रेल्वे स्टेशन सेलू, मनमाड–परभणी मार्गावरचं. एका बाजूला परभणीत दंत महाविद्यालय आहे, दुसऱ्या बाजूला छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय. सीबीसीटी त्या दिवशी होईल का, हे निघण्याआधी फोनवर विचारा. आणि जुने फोटो सोबत न्या, म्हणजे तोच फोटो पुन्हा काढावा लागणार नाही.