चिमठाण्याची मोहीम आणि पुराव्याचा प्रश्न

युद्धविषयक विज्ञानकथांचा एक ठरलेला साचा आहे. मूठभर सैनिकांची तुकडी गुप्त कामगिरीवर दूरच्या, बहुधा परक्या ग्रहावरच्या मुलखात उतरते, संपर्क तुटतो, ज्यांनी पाठविले ते हात झटकतात आणि पायाखालची भूमीच वैरीण होते. साचा मात्र विज्ञानकथेहून फार जुना आहे. इ. स. पूर्व ४०१ मध्ये धाकट्या कायरसने खरा हेतू दडवून ठेवून सुमारे दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक बॅबिलोनच्या परिसरापर्यंत नेले. तो लढाईत पडला आणि सैनिक परमुलखात अडकले. त्यांच्या परतीची हकिकत त्यांच्यातल्याच झेनोफनने 'अनाबासिस'मध्ये लिहून ठेवली. मराठीत ही कथा फारशी रुजली नाही. तिच्या अगदी जवळची एक सत्यकथा मात्र आमच्या धुळे जिल्ह्यात घडून गेली आहे, आणि तिच्यातून निघणारा निष्कर्ष या साच्याच्या नेमका उलट आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारने निघालेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यातील चिमठाण्यानजीक भूमिगत क्रांतिकारकांनी लुटला. रक्कम सुमारे साडेपाच लाख रुपये. हा पैसा सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारच्या लढ्यासाठी हवा होता. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून उभ्या राहिलेल्या त्या सरकारची स्वतःची न्यायव्यवस्था होती आणि 'तुफान सेना' नावाचे सशस्त्र दलही होते. या दलाने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडविली होती. चिमठाण्याची मोहीम त्याच परंपरेतील, फक्त घरापासून शेकडो मैल दूर.

या मोहिमेत कुंडलचे जी. डी. बापू लाड होते, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी होते. दोघांचाही जन्म १९२२ चा; म्हणजे त्या दिवशी दोघेही एकवीस वर्षांचे होते. आज ज्या वयाची मुले आमच्यासमोर पदवीच्या वर्गात बसतात, ते हे वय. खानदेशच्या बाजूने डॉ. उत्तमराव पाटील यांच्यासारखे भूमिगत कार्यकर्ते त्यांच्या सोबतीला होते.

आता या प्रसंगाकडे वर सांगितलेल्या साच्यातून पाहावे. चैत्र-वैशाखातला खानदेश. पिके निघून गेलेली, शिवार उघडे, लपायला झाड सापडणे मुश्कील. कृष्णाकाठचा तरुण इथे तोंड उघडताच परका ठरणार; कारण त्याची बोली वेगळी आणि इथल्या घराघरांत अहिराणी. सरकार हाडवैरी, आणि युद्धकाळ असल्यामुळे अधिकच सावध. तुकडी अडकून पडावी यासाठी लागणारे सारे काही हजर होते. तरीही मोहीम फत्ते झाली. खजिना कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेने निघतो, कुठे अडवता येतो, त्यानंतर कोणत्या दिशेने पांगता येते, हे ज्ञान परक्याजवळ असूच शकत नाही. ते इथल्या माणसांनी पुरविले असल्याखेरीज मोहिमेचा विचारही शक्य नव्हता.

ही जमीन एका दिवसात अनुकूल झाली नव्हती. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत एक पिढी घडविली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता व त्याचे सोबती हे शाळकरी वयाचे विद्यार्थी बळी पडले. नंदुरबार त्या वेळी पश्चिम खानदेश जिल्ह्यातच होते. चिमठाण्याची घटना घडली ती त्यानंतर अवघ्या दीड वर्षाने. साताऱ्याच्या तरुणांसाठी खानदेश परका ग्रह ठरला नाही, त्याचे कारण या आधीच्या वर्षांत शोधावे लागते.

योगायोग असा की त्याच १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर प्रचंड स्फोट झाले आणि शेकडो माणसे दगावली. अग्निशमन दलाच्या जवानांच्या स्मरणार्थ ती तारीख देशभर पाळली जाते, आणि ते योग्यच आहे. चिमठाण्याची आठवण मात्र प्रामुख्याने खानदेशाच्या आणि साताऱ्या-सांगलीच्या सीमेतच राहिली.

पण आम्हांस त्याहून मोठी वाटणारी उणीव वेगळी आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्यभर अस्सल कागदांचा आग्रह धरला. १९२६ च्या अखेरीस त्यांचे निधन धुळ्यातच झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढल्याच वर्षी इथे उभे राहिले. कागदाशिवाय इतिहास नाही, ही शिस्त आम्हांलाही मान्य आहे. तथापि गुप्त कामगिरीचा पहिला नियमच कागद न ठेवण्याचा! जो कागद उरतो तो पोलिसांचा, आणि कायद्याच्या भाषेत असल्या कृत्याचे नाव 'दरोडा' एवढेच.

स्वातंत्र्यानंतर या पेचाचे परिणाम माणसांच्या वाट्याला आले. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना आणली. तिच्यात साधारणतः सहा महिन्यांचा तुरुंगवास सिद्ध करावा लागे. भूमिगत असल्यास फरारी म्हणून जाहीर झाल्याचा, शिरावर बक्षीस लागल्याचा किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचा पुरावा लागे. म्हणजे ज्याने आपले काम इतके चोख केले की सरकारला त्याचे नावही कळले नाही, तो स्वातंत्र्यसैनिकच नव्हे! भूमिगतांना जिने भाकरी बांधून दिली, मागल्या दाराने वाट दाखविली आणि पोलीस आल्यावर मौन पाळले, तिच्या नावे वॉरंट निघण्याचा प्रश्नच नव्हता. तिचे यश हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला.

व्हिएतनाम युद्धात लढून आलेल्या जो हाल्डमन यांच्या 'द फॉरएव्हर वॉर' (१९७४) या विज्ञानकादंबरीतले सैनिक परततात तेव्हा पृथ्वीवर शतके उलटून गेलेली असतात आणि त्यांना ओळखणारे कोणी उरलेले नसते. चिमठाण्याच्या बाबतीत तेवढा अवधी लागला नाही. बापू लाड २०११ च्या नोव्हेंबरात गेले, नागनाथअण्णा २०१२ च्या मार्चमध्ये. त्यांची नावे निदान ग्रंथांत आहेत. ज्यांची नाहीत, त्यांच्या आठवणी आता फक्त घरांत आहेत. १९४४ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे.

अशा आठवणींत अतिशयोक्ती असते, तारखा चुकतात, आपल्या कुळाचा मोठेपणा डोकावतो. हे सारे गृहीत धरावे, एकीची दुसरीशी आणि दोन्हींची सरकारी कागदाशी ताडणी करावी. राजवाड्यांनी बखरींची झडती घेतली ती याच रीतीने. शिंदखेडा, साक्री, शिरपूर, अमळनेर या तालुक्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी एकेक गाव वाटून घेतले, तर हे काम दोन वर्षांत होण्याजोगे आहे. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. वही, ध्वनिमुद्रण करणारा मोबाइल आणि अहिराणी समजणारे विद्यार्थी पुरेसे आहेत, आणि हे तिन्ही आमच्यापाशी आजच आहे.