३१ डिसेंबर १९५३ची दुपार

‘रेल्वेत लागला’ एवढे म्हटले की आमच्या वऱ्हाडात मुलाच्या नोकरीविषयी पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे. पगार, पास, क्वार्टर, दवाखाना सगळे त्या एका शब्दात आले. या पक्केपणाचा इतिहास पाहू लागल्यावर मात्र एक वेगळीच गोष्ट हाती लागते. मालक बदलला किंवा धंदा बंद पडला तर कामगाराला काय मिळावे, याविषयीचा आपल्या देशातला कायदा एका रेल्वेच्या कामगारांमुळे घडला. ती रेल्वे म्हणजे बार्शी लाइट.

मी या विषयाकडे वळलो तो शकुंतलेमुळे. आमच्या आसेगावला रेल्वे नाही. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ ही छोटी गाडी इकडच्या लोकांच्या ओळखीची. या मार्गाची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, तिचा कारभार किलिक निक्सनकडे; पण गाडी चालवणारी माणसे आधी जीआयपीची आणि नंतर मध्य रेल्वेची. रूळ एकाचे, नोकर दुसऱ्याचे. त्यामुळे रुळांच्या मालकीवरून कितीही वाद झाले तरी गार्ड-ड्रायव्हरची नोकरी त्यांत अडकत नव्हती. मग जिथे रूळही कंपनीचे आणि नोकरही कंपनीचेच, तिथे काय झाले असेल? हा प्रश्न मला बार्शीपर्यंत घेऊन गेला. मी वकील नाही. जुने निकालपत्र शब्दकोश शेजारी ठेवून वाचणारा माणूस आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट १८९७ साली सुरू झाली. अडीच फुटी रूळ, पंढरीचे वारकरी आणि लातूरच्या पेठेचा माल. पुढे ती लातूरपासून मिरजेपर्यंत पोचली. कंपनीचा भारतमंत्र्यांशी करार १ ऑगस्ट १८९५चा. त्याच्या आधारे सरकारने डिसेंबर १९५२मध्ये कळवले, की १ जानेवारी १९५४पासून रेल्वे आम्ही विकत घेणार. ११ नोव्हेंबर १९५३ला कंपनीने कामगारांना नोटीस दिली : ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर तुमची नोकरी संपली.

त्या नोटिशीच्या अवघे अठरा दिवस आधी, २४ ऑक्टोबर १९५३पासून, औद्योगिक विवाद कायद्यात एक नवे कलम लागू झाले होते. नोकरकपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. वीस वर्षे काम केलेल्याला तीनशे दिवसांचा, म्हणजे सुमारे दहा महिन्यांचा पगार. बेकारीचा भत्ता नसलेल्या देशात कामगाराच्या हाती येणारा आधार तो एवढाच.

बार्शीच्या कामगारांनी ही भरपाई मागितली. कंपनीचे म्हणणे, गाडी तर चालूच आहे, मग कपात कसली? बहुतेकांना सरकारने पुन्हा घेतले हे खरे. सुमारे ७७ टक्के लोकांना पूर्वीचीच वेतनश्रेणी मिळाली, उरलेल्यांना काहीशी खालची. आणि फक्त २४ जणांनी सरकारी नोकरी नाकारली. पण कामगारांचे म्हणणे सरळ होते : कंपनीने आम्हाला काढले. पुढे कोणी ठेवून घेतले हा वेगळा व्यवहार. कायद्यात शब्द आहेत ‘कोणत्याही कारणाने’ नोकरी संपवणे. मग आमचे कारण त्यांत का बसत नाही?

मुंबई उच्च न्यायालयाला हे पटले. सर्वोच्च न्यायालयाला पटले नाही. बडोद्याच्या एका गिरणीच्या अपिलाबरोबर बार्शी लाइट विरुद्ध के. एन. जोगळेकर हे अपील निकाली निघाले २७ नोव्हेंबर १९५६ रोजी. पाच न्यायमूर्तींच्या वतीने न्या. एस. के. दास यांनी लिहिले, की कपात म्हणजे चालू धंद्यातल्या जादा माणसांना कमी करणे. धंदाच बंद झाला किंवा मालकाने तो खरोखर दुसऱ्याकडे सोपवला, तर ती कपात नव्हे.

या निकालाने देशभरच्या बंद पडणाऱ्या कारखान्यांतले कामगार उघड्यावर आले असते. म्हणून १९५७मध्ये आधी वटहुकूम आणि मग कायदा आला. धंदा बंद झाल्यास भरपाई द्यावीच लागेल, असे ठरले. मालक बदलल्यासही ती द्यायची. मात्र नोकरी सलग राहिली, अटी पूर्वीपेक्षा वाईट झाल्या नाहीत आणि नव्या मालकाने जुनी वर्षे मोजण्याची जबाबदारी घेतली, तर नाही. बार्शीचा प्रश्न जणू शब्दशः उतरवून घेतलेला! फक्त ही दुरुस्ती लागू झाली २८ नोव्हेंबर १९५६पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. ज्यांनी वाट पाडली ते वाटेच्या अलीकडेच राहिले.

आजारपणाचीही गत अशीच. १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला आजारात रोख रक्कम आणि औषधोपचार दिले; पण ‘कारखाना’ या शब्दाच्या व्याख्येतूनच रेल्वेचे रनिंग शेड, म्हणजे आपले लोकोशेड, वगळले. मोठ्या रेल्वेंचे स्वतःचे दवाखाने आणि रजेचे नियम होतेच. तेव्हा लोकोशेडमधल्या माणसाचे आजारपण त्याच्या मालकाच्या नियमांवर अवलंबून राहिले.

अमेरिकेत तोच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला गेला. तिथे १९३८मध्ये रेल्वे कामगारांसाठी वेगळा बेकारी विमा कायदा झाला. १९४६च्या दुरुस्तीने त्यात आजारपण आणि बाळंतपण आले. वर्गणी फक्त मालकांनी भरायची, आणि निधी एका कंपनीचा नव्हे तर सगळ्या रेल्वे धंद्याचा. कंपनी विकली गेली तरी कामगाराचा हक्क निधीपाशी शाबूत.

आपल्याकडे हक्क मालकाला बांधलेला, म्हणून मालक बदलताच तो तुटण्याची भीती. आज स्टेशनवर झाडू मारणारा, डब्यात चादरी वाटणारा माणूस बहुधा ठेकेदाराचा असतो. ठेकेदार बदलतो, माणूस तोच राहतो, आणि त्याची वर्षे पुन्हा एकपासून मोजली जातात. ‘रेल्वेत लागला’ हे शब्द त्याच्याविषयी कोणी उच्चारत नाही. बार्शीच्या कामगारांनी विचारलेला प्रश्न, माझी वर्षे कोणाच्या खात्यावर, आता त्याचा आहे.