शरणपूरची आफ्रिकी मंडळी

नाशिक म्हटलें कीं पंचवटी, काळारामाचें मंदिर आणि बारा वर्षांनीं भरणारा सिंहस्थ हीं वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. या तीर्थीं बाहेरचे लोक येतात ते बहुधा स्वेच्छेनें व पुण्यार्थ. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं माणसें अशीं येथें येऊन राहिलीं कीं ज्यांच्या येण्यांत त्यांच्या इच्छेचा अंशही नव्हता. पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागांतून पळवून आणलेलीं, गुलाम म्हणून गलबतांत कोंबलेलीं व इंग्रजी आरमारानें भरसमुद्रांत सोडवून मुंबईस उतरविलेलीं तीं मुलें होतीं. त्यांची हकीकत आम्ही सांगणार आहों, ती केवळ नवलाची म्हणून नव्हे. परक्या मुलुखांत येऊन पडलेल्या माणसास त्याची धर्ममंडळी सार्वजनिक जीवनाचें शिक्षण कितपत देते, आणि तें शिक्षण कोठें अडखळतें, या प्रश्नाचें उत्तर तींत आहे.

चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं १८५४ च्या सुमारास नाशिकच्या गांवकुसाबाहेर एक ख्रिस्ती वसाहत स्थापिली व तिला शरणपूर असें समर्पक नांव दिलें. धर्मांतरामुळें ज्यांना घरदार व जात दोन्हीं अंतरलीं होतीं, त्यांना येथें आसरा व धंदा मिळे. सोडविलेल्या आफ्रिकनांचें काय करावयाचें हा प्रश्न मुंबईच्या पोलिस कमिशनरपुढें असे. त्यांतील कित्येक मुलें १८६० च्या सुमारापासून शरणपुरास येऊं लागलीं. त्यांना इंग्रजी नांवें मिळालीं. लिहिणें-वाचणें आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातचे धंदे त्यांना शिकविण्यांत आले. ज्याला आई-बाप नाहीं, भाऊबंद नाहींत, त्याला मंडळी हेंच गोत झालें.

डॉक्टर लिव्हिंग्स्टन हे १८६५ त नाशिकास येऊन गेले, आणि १८६६ च्या मोहिमेंत शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर निघाले. या नऊ जणांविषयीं लिव्हिंग्स्टन यांनीं आपल्या रोजनिशींत बरेच कडक शब्द लिहिले आहेत, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. शाळेंत शिकलेला प्रत्येक जण गुणी निपजतो असें कोठेंच घडत नाहीं. परंतु १८७२ त दुसरे सहा जण त्यांना जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन व कारस फॅरर हे होते. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हां तेथें एकही गोरा मनुष्य नव्हता. चुमा व सुसी हे मोहिमेचे पुढारी. ते शरणपूरचे नव्हत. त्यांनीं सर्वांस एकत्र बोलावून मृताच्या पेट्या सर्वांदेखत उघडविल्या आणि जेकबकडून एकेका वस्तूची यादी लिहवून घेतली, कीं पुढें कोणास संशय घेण्यास जागा राहूं नये. अंत्यविधीची प्रार्थना जेकबनेंच वाचली व झाडावर नांव-तारीख कोरली. नंतर महिनोन्‌महिने पायपीट करून त्या लोकांनीं तो देह किनाऱ्यास आणला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत १८ एप्रिल १८७४ रोजीं त्याचें दफन झालें, त्या वेळीं शवपेटीबरोबर जेकब होता.

या प्रसंगाची स्वामिभक्ति म्हणून पुष्कळ स्तुति झाली आहे. आम्हांस मात्र त्या यादीचें महत्त्व अधिक वाटतें. जंगलांत, धनी मेलेला असतां, चारचौघांसमोर हिशेब ठेवण्याची बुद्धि होणें हें नागरिकाचें लक्षण आहे. ही बुद्धि सर्वांची होती; ती कागदावर उतरविण्याचें साधन शरणपुराहून आलें.

याच शिक्षणाचें खरें फळ मोंबासाच्या किनाऱ्यावर दिसून आलें. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे शरणपूरचे दोघे १८६४ तच तेथील रबाई ठाण्यावर गेले होते. पुढें सर बार्टल फ्रिअर, जे पूर्वीं मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांच्या खटपटीनें १८७३ त झांजिबारच्या सुलतानाशीं तह होऊन गुलामांचा बाजार बंद झाला. त्यानंतर प्राइस यांना मोंबासाकडे धाडण्यांत आलें, तेथें फ्रिअर टाउन वसलें, आणि शरणपूरची आफ्रिकी मंडळी बव्हंशीं तिकडे गेली. हे ‘मुंबईचे आफ्रिकन’ तेथें शिक्षक, कारागीर, उपदेशक झाले. तह झाला तरी किनाऱ्यावर गुलामगिरी कायदेशीर होती, आणि धन्याकडून पळालेले शेंकडों गुलाम रबाईच्या आश्रयास येत. अशांस थारा देऊं नये असा सोसायटीचा हुकूम होता. जोन्स आणि त्यांचे सहकारी यांनीं तो मानला नाहीं. स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला मनुष्य दारीं आलेल्या गुलामास परत कसा लोटील? अखेर सुमारे १,४०० पळालेल्यांसाठीं ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीनें धन्यांस भरपाई दिली व १ जानेवारी १८८९ रोजीं त्यांच्या हातीं मुक्ततेचे दाखले पडले. किनाऱ्यावरील गुलामगिरी कायद्यानें जाण्यास त्यानंतर १९०७ साल उजाडावें लागलें.

येथवर मंडळीची थोरवी झाली; आतां तिची मर्यादा पाहूं. जिनें या लोकांस वाचावयास व बोलावयास शिकविलें, तीच मंडळी ते बरोबरीच्या नात्यानें बोलूं लागतांच अस्वस्थ झाली. फ्रिअर टाउनांत शिस्तीच्या नांवाखालीं फटके व कोठडी चालली, तिची १८८० च्या आगेमागें चौकशी करावी लागली. पगार व दर्जा यांवरून गोरे पाद्री व मुंबईचे आफ्रिकन यांच्यांत वर्षानुवर्षें तंटे चालले. उलट या आफ्रिकनांनींही इंग्रजी पोशाख व इंग्रजी भाषा यांच्या जोरावर इतर मुक्त गुलामांपासून पुष्कळदां अंतर ठेविलें. मंडळी सभ्यता शिकविते, तशी पायरीही शिकविते.

आणि नाशिकचें काय? आमच्या शहरांत नगरपालिका स्थापन झाली ती १८६४ त, म्हणजे जोन्स व सेमलर रबाईस गेले त्याच वर्षीं. एकीकडे नगराचा कारभार नागरिकांच्या हातीं येण्याचा आरंभ होत होता, आणि त्याच नगराच्या वेशीबाहेर तयार झालेलीं कर्तीं माणसें समुद्रापार जात होतीं. मिशनला तीं आफ्रिकेसाठीं हवीं होतीं. शहरालाही तीं आपलीं वाटलीं असतील असें आम्हांस वाटत नाहीं. वेशीच्या आंत जातिभेद व बाहेर मिशनचें कुंपण, अशी ती वसाहत दोहोंकडून वेगळी पडली होती. त्यांचें नागरिकत्व शरणपुरांत घडलें, पण तें नाशिकच्या वांट्यास आलें नाहीं.

आज सातपूर-अंबडच्या कारखान्यांपायीं दूरदूरचे लोक नाशिकांत येऊन राहिले आहेत. कोणाचा गुरुद्वारा आहे, कोणाची मशीद, कोणाचें भजनी मंडळ. छठपूजेस गोदाकांठीं गर्दी होते. परदेशीं गेलेले आमचे बांधवही गणेशोत्सवासाठीं असेच एकत्र जमतात. अशा मंडळ्यांकडे कांहीं जण संशयानें पाहतात. शरणपूरचा इतिहास पाहतां हा संशय आम्हांस अस्थानीं वाटतो. परका मनुष्य वर्गणी जमविणें, हिशेब देणें, चारचौघांत उभें राहून बोलणें हें प्रथम आपल्या मंडळींतच शिकतो. तेथून पुढचें पाऊल मात्र त्याला एकट्यानें टाकतां येत नाहीं. त्याच्या मंडळीनें दार उघडें ठेवावें लागतें आणि नगरानें त्याला आंत घ्यावें लागतें. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या आम्हां नाशिककरांनीं त्या नांवांतील पहिल्या शब्दाचा अर्थ अधूनमधून आठवावा, एवढेंच आमचें मागणें आहे.