अडगळीतले जनित्र आणि कोकणातील वादळे

रायगड आणि रत्नागिरी या जिल्ह्यांच्या किनारपट्टीवर घरगुती जनित्राला, म्हणजे लहान इंजिनाच्या जोरावर वीज निर्माण करणाऱ्या आणि दोन माणसांना उचलून नेता येणाऱ्या यंत्राला, 2020 च्या जून महिन्यात जे मोल आले, त्याची मुळे विहिरीच्या पाण्याच्या इतिहासात आहेत. नारळ-सुपारीच्या वाड्यांना आणि घरांना लागणारे पाणी पूर्वी रहाटाने, म्हणजे बैल किंवा रेडा जुंपून फिरवल्या जाणाऱ्या लाकडी चाकाने आणि त्यावरच्या मडक्यांच्या माळेने, वर येत असे. 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, त्यानंतरच्या दशकांत तारा गावोगाव पोहोचल्या, विहिरींवर विजेचे पंप बसले आणि रहाट मोडीत निघाले. त्यांच्याबरोबर रहाटाची दुरुस्ती जाणणारे सुतार आणि ते ओढणारी जनावरेही गेली. वीज गेली तर पाणी जाते ही अवस्था अशा रीतीने हळूहळू, कोणाच्या फारसे ध्यानात न येता निर्माण झाली, आणि रहाटाची जागा घेऊ शकेल असे गावातले एकच साधन उरले, ते म्हणजे जनित्र.

गावाला जनित्राची ओळख मात्र पाण्यासाठी झाली नव्हती. जत्रांत तंबू ठोकणारी टुरिंग टॉकीज आणि तमाशाचे फड आपली वीज आपल्याबरोबर नेत, आणि त्यांची डिझेलवर चालणारी जड जनित्रे वाहनावरच वाहून न्यावी लागत. हाताने उचलता येणारे जनित्र ही त्यामानाने अलीकडची गोष्ट होय. जपानच्या होंडा कंपनीने 1965 मध्ये ई-300 हे लहान जनित्र बाजारात आणले, आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात रुद्रपूर येथे श्रीराम होंडा आणि डेहराडूनजवळ बिर्ला यामाहा अशा दोन भागीदारीतील उद्योगांनी भारतात अशी जनित्रे तयार करण्यास सुरुवात केली. त्यांतील बहुतेक यंत्रे पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालत. रॉकेलची सहज वाफ होत नाही, त्यामुळे थंड इंजिन त्यावर पेट घेत नाही. म्हणून यंत्राला पेट्रोलची एक छोटी टाकी आणि रॉकेलची मोठी टाकी अशी जोडी असे, आणि इंजिन काही मिनिटे पेट्रोलवर तापल्यानंतर कॉक फिरवून त्याला रॉकेल दिले जाई. रॉकेल स्वस्त होते आणि शिधापत्रिकेवर मिळत होते. शिधावाटपातले रॉकेल स्वयंपाक आणि दिवाबत्ती यांसाठीच असले, तरी त्यातला काही वाटा जनित्रांत जात असे, हे त्या काळच्या ग्रामीण व्यवहारात उघड होते.

या यंत्रांचा खरा बहराचा काळ भारनियमनाचा होता. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्प 2001 च्या मे महिन्यात बंद पडला, मागणी वाढत गेली आणि जून 2005 मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तास वीज नसणे ही नित्याची बाब झाली होती. दुकाने, दवाखाने, लग्नाचे मांडव, गणपतीची आरास या सर्वांना जनित्राचा आधार लागे. पुढे पुरवठा सुधारला, बॅटरीवर चालणारे इन्व्हर्टर घरोघर आले, 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर रेशनचे रॉकेलही आटत गेले, आणि जनित्र माळ्यावर, गोठ्यात किंवा खोपीत जाऊन पडले. त्याला कोणी भंगारात काढले नाही, पण वर्षानुवर्षे त्याची दोरीही ओढली नाही.

11 नोव्हेंबर 2009 रोजी आलेल्या फयान वादळाने किनाऱ्याला इशारा दिला होता, तरी वीज-पाण्याची खरी कसोटी निसर्ग चक्रीवादळाने घेतली. अरबी समुद्रातील कमी दाबाचे क्षेत्र 1 जून 2020 रोजी पहाटे अवदाब म्हणून नोंदले गेले, 2 जूनला दुपारी त्याचे चक्रीवादळ झाले आणि 3 जूनला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. हवामान खात्याच्या पद्धतीनुसार चक्रीवादळाची पूर्वसूचना साधारण 48 तास आणि पक्का इशारा 24 तास आधी दिला जातो, म्हणजे पडून राहिलेले जनित्र चालू करण्यासाठी एखाद्या घराला दोन दिवसांपेक्षा जास्त अवधी मिळत नव्हता, आणि तोही कोविडच्या टाळेबंदीमुळे दुकाने व गॅरेज पूर्ण उघडी नसताना. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत खांब आणि रोहित्रे इतक्या मोठ्या संख्येने कोसळली की अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. पंप बंद पडल्याने टाक्या रिकाम्या झाल्या, चार्ज न झाल्याने मोबाइलही बंद पडले, आणि नातेवाइकांना खुशाली कळवण्यासाठीसुद्धा जनित्र असलेल्या घरी जाण्याची वेळ आली.

जनित्र दीर्घकाळ पडून राहिल्याने नेमके काय बिघडते, याचे ज्ञान त्या दोन दिवसांत निर्णायक ठरण्याजोगे होते. पहिली अडचण इंधनाची असते. पेट्रोलमधील हलके अंश उडून जातात आणि मागे चिकट, वार्निशसारखा थर उरतो, जो कार्बोरेटरच्या, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, केसासारख्या बारीक छिद्रात बसतो. महाराष्ट्रात 2003 पासून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली, पुढे त्याचे प्रमाण वाढत गेले, आणि इथेनॉल हवेतील बाष्प ओढून घेत असल्याने कोकणातील हवेत टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज साठण्याची शक्यता अधिकच वाढली. म्हणून जाणकार माणूस सर्वप्रथम टाकी पूर्ण रिकामी करतो, कार्बोरेटरच्या तळाची वाटी एका बोल्टने उघडून धुतो, आणि मधले छिद्र, ज्याला जेट म्हणतात, ते मऊ तांब्याच्या तारेच्या धाग्याने मोकळे करतो. पोलादी सुई घातली तर छिद्र मोठे होऊन मिश्रण कायमचे बिघडते. त्यानंतर हवेच्या गाळणीचा भुगा झालेला फोम बदलणे, प्लग काढून त्याची ठिणगी पाहणे, प्लगच्या छिद्रातून तेलाचे दोन-चार थेंब सोडून दोरी हळूच ओढत गंजलेला दट्ट्या मोकळा करणे आणि जुने, काळे झालेले तेल बदलणे ही कामे येतात. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीचे मातीचे घर असणे आणि वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असणे हे कोकणातील अडगळीचे विशेष प्रकार आहेत, आणि इंजिन निरोगी असूनही ते सुरू होऊ न देण्यास एवढे कारण पुरते.

इंजिन सुरू झाले तरी वीज येतेच असे नाही, आणि ही गोष्ट अनेकांना चकवते. जनित्राच्या आत वीज निर्माण होण्यासाठी चुंबकीय क्षेत्र लागते, आणि ते क्षेत्र यंत्र स्वतःच तयार केलेल्या विजेतून उभे करते. वर्नर सीमेन्स यांनी हे तत्त्व 1866 मध्ये शोधले आणि जानेवारी 1867 मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये व्हीटस्टन आणि व्हार्ली हेही त्याच निष्कर्षापर्यंत पोहोचले होते. लोखंडी गाभ्यात मागच्या वापरातून जो अल्प चुंबकपणा उरलेला असतो, त्यावर हा सारा खेळ चालतो. यंत्र वर्षानुवर्षे थांबून राहिले की तो विरू शकतो, आणि मग इंजिन जोरात फिरत असूनही दिवा लागत नाही. अशा वेळी तज्ज्ञ क्षेत्राच्या गुंडाळ्यांना 12 व्होल्टच्या बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन तो चुंबकपणा जागा करतात. दमट गुंडाळ्या उन्हात वाळवणे हे त्याआधीचे काम. ओलसर तारांतून वीज घेतल्यास आतले वेष्टन जळू शकते. शिवाय भारतातील वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असल्याने दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला 3000 फेऱ्यांनी फिरावे लागते. वेग सांभाळणारा गव्हर्नर गंजून अडकला असेल तर व्होल्टेज चढते किंवा पडते, आणि जोडलेली उपकरणे बिघडू शकतात. म्हणून आधी एखादा पिवळा बल्ब जोडून पाहण्याची जुन्या कारागिरांची रीत आजही ग्राह्य आहे.

पाण्याचा प्रश्न मात्र बल्बापेक्षा अवघड होता. एक अश्वशक्तीचा पंप चालू असताना 750 वॅटांहून अधिक वीज घेतो, पण सुरू होताना त्याला कित्येक पट प्रवाह लागतो, आणि भारनियमनाच्या काळात दिवे-पंखे यांसाठी घेतलेली लहान जनित्रे तेवढा धक्का सोसू शकत नाहीत. त्यामुळे मोठे जनित्र असलेल्या घरावर वाडीतील इतरांच्या टाक्या भरण्याचीही जबाबदारी येई. या काळात दोन धोके विशेष होते. पावसापासून वाचवण्यासाठी जनित्र पडवीत किंवा बंद खोलीत चालवल्यास त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू घरात साठतो, आणि मुख्य स्विच न काढता ते घरातील वायरिंगला जोडल्यास वीज उलट्या दिशेने तारांवर जाऊन खांबावर काम करणाऱ्या महावितरणच्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते. यासाठी वीज एका वेळी एकाच बाजूने घेऊ देणारा चेंजओव्हर स्विच आवश्यक ठरतो. पडलेले खांब उभे करणारे हेच लाइनमन गावाला प्रकाश परत देत होते, त्यामुळे या नियमाकडे कोकणात केवळ तांत्रिक अट म्हणून पाहता येत नाही.

निसर्गनंतर अकरा महिन्यांनी, 15 ते 17 मे 2021 या दिवसांत तौक्ते वादळ याच किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले. मधल्या काळात पेट्रोल भरलेल्या अवस्थेतच पुन्हा माळ्यावर ठेवलेले जनित्र त्याच जुन्या रोगाकडे परतलेले असू शकत होते, तर इंधनाचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधील शेवटचा थेंब जळून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवलेले, आणि रॉकेलवर चालणारे असल्यास थांबवण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर आणलेले जनित्र, दोरीच्या दोन-तीन ओढींत सुरू होण्याची शक्यता बरीच जास्त होती.