उतरती पायरी

लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या वाड्याचा जिना मी अंधारात उतरत होतो. पायऱ्या संपल्या असे समजून पाऊल टाकले आणि आणखी एक पायरी निघाली. पाय चांगलाच मुरगळला. शेजारचे काका समाचाराला आले. ते जन्मांध. म्हणाले, "अरे, चढत्या जिन्याला माणूस ठेचकाळतो, उतरत्या जिन्यावरून पडतो. आम्हाला भीती असते ती उतरत्याची." तेव्हापासून अंधांच्या काठीविषयी मिळेल ते मी वाचू लागलो.

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज येथील लष्करी इस्पितळात येत. तेथे १९४४ पासून रिचर्ड हूवर यांनी आखूड काठीऐवजी छातीपर्यंत पोचणारी हलकी, लांब काठी वापरायला शिकवले. तिच्यावर भार टाकायचा नाही. अंगाच्या रुंदीइतकी ती डावी-उजवीकडे फिरवायची आणि पुढचे पाऊल जिथे पडणार, तिथे आधी तिचे टोक लावायचे. टोक अधांतरी गेले, की पुढे पायरी आहे हे समजावे. इशारा पक्का, पण मिळतो तो जेमतेम एक-दोन पावले आधी.

तो आणखी आधी मिळावा म्हणून यंत्रे आली. काहींनी माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीलहरींचा उपयोग केला. तीन मीटरवरच्या भिंतीवर आपटून अशी लहर परत यायला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. चढत्या जिन्याची पायरी ही एक छोटी भिंतच. पण उतरत्या जिन्यापाशी समोर असते ती पोकळी. तिचा प्रतिध्वनी कुठून यायचा?

यावर जे. माल्व्हर्न बेंजामिन यांच्या लेसर काठीने तोड काढली. अमेरिकेत १९६०च्या दशकात तिच्यावर काम चालू झाले आणि १९७०च्या दशकात ती वापरात आली. तिच्यातून तीन अदृश्य किरण निघत: एक डोक्याच्या उंचीकडे, एक समोर, एक खाली. खालच्या किरणाचा जमिनीवरून परतणारा प्रकाश हरवला, की काठी खर्जात वाजे. उत्तर आले नाही, हाच इशारा! अडचण अशी, की चकचकीत फरशीवरूनही प्रकाश भलतीकडे निसटतो.

आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली 'स्मार्टकेन' २०१४ मध्ये बाजारात आली. पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसणारे हे यंत्र गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे तीन मीटरपर्यंत हेरते आणि थरथरून सांगते. जमिनीवरचे काम, म्हणजे उतरती पायरीही, तिच्या निर्मात्यांनी काठीच्या टोकाकडेच ठेवले. २०२० पासून काही मोबाइल फोनमध्ये लेसरने खोली मोजणारे 'लायडार' आले आहे. जिना ओळखणारी यंत्रे सुधारत जातील. पण शंभरातली एक चूकही इथे महागात पडते. म्हणून हातातली काठी कुणी सोडत नाही.

पाय बरा झाल्यावर काकांबरोबर मी बँकेत निघालो होतो. वाटेत म्हटले, "काका, पुढे जिना आहे."

काका जागीच थांबले. "वर जाणारा की खाली?"

इतके वाचूनही नेमके तेच सांगायचे मी विसरलो होतो.