नाव लपविणाऱ्याचे नाव

पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्रात वादळ उठले, की वेधशाळेचे इशारे येऊ लागतात. त्यांत वादळाच्या केंद्राजवळील हवेचा दाब ‘हेक्टोपास्कल’ या एककात सांगितलेला असतो. समुद्रसपाटीवरील हवेचा सर्वसाधारण दाब १०१३ हेक्टोपास्कल. केंद्रातील आकडा त्याखाली जितका उतरेल, तितके वादळ सहसा उग्र. हे आकडे ऐकताना त्यांतील ‘पास्कल’ हे एका माणसाचे आडनाव आहे आणि तो माणूस श्रद्धावंत कॅथॉलिक होता, याची आठवण क्वचितच कोणाला होते. ती जागवावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ या गावी झाला. तीन वर्षांचा असतानाच त्याचे मातृछत्र हरपले. वडील एतिएन यांनी मुलांना घरीच शिकविले. सोळाव्या वर्षी शंकुच्छेदांवर निबंध लिहून ब्लेझने गणितज्ञांना चकित केले. पुढे वडील करवसुलीच्या कामावर नेमले गेले. हिशेबात बुडालेल्या पित्याचे कष्ट पाहून, विशीही ओलांडली नसताना, त्याने आकडेमोड करणारे यंत्र घडवावयास घेतले. निक्लाऊस विर्थ यांनी १९७० साली संगणकाच्या एका भाषेला ‘पास्कल’ हे नाव दिले, ते त्याच्याच स्मरणार्थ.

दाबाच्या एककाशी मात्र त्याचे नाव जोडले गेले, ते एका डोंगरामुळे. इटलीच्या तोरिचेल्लीने दाखविले होते, की पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली, तर सगळा पारा खाली उतरत नाही. त्याला वर कोण तोलून धरते? बाहेरील हवेचे वजन, असे उत्तर असेल, तर उंचावर हवा कमी म्हणून पाराही उतरला पाहिजे, असा पास्कलने तर्क केला. तो स्वतः पॅरिसमध्ये होता व प्रकृतीने दुबळा होता. म्हणून त्याने आपले मेहुणे फ्लोरँ पेरिए यांना विनंती केली.

१९ सप्टेंबर १६४८ रोजी क्लेरमाँच्या मिनिम संघाच्या मठाच्या बागेत पाऱ्याची उंची मोजण्यात आली. एक नळी तेथेच ठेवून फादर शास्तँ हे मठवासी तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवून राहिले. दुसरी घेऊन पेरिए आणि मंडळी, त्यांत धर्मगुरूही होते, प्युई द दोम हा डोंगर चढून गेली. सुमारे हजार मीटर उंचीवर पारा जवळजवळ साडेआठ सेंटिमीटर उतरलेला आढळला. खाली येऊन पाहतात, तो फादरांच्या नळीतील पारा दिवसभरात जागचा हलला नव्हता. धर्म आणि विज्ञान यांचे हाडवैर आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी नळीजवळ बसून राहिलेल्या त्या संन्याशाला जरूर आठवावे.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ‘पास्कलचा नियम’ आपली मुले शाळेत शिकतात. मोटारीचे ब्रेक त्यावरच चालतात. अंकांच्या एका मांडणीला ‘पास्कलचा त्रिकोण’ म्हणतात. प्रामाणिकपणे सांगावयाचे, तर ती मांडणी त्याच्याही आधीची आहे. आपल्याकडे दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःशास्त्रावरील टीकेत ‘मेरुप्रस्तार’ म्हणून ती वर्णिली होती. अखेर १९७१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने दाबाच्या एककाला ‘पास्कल’ हे नाव दिले.

जगाने असे जागोजागी ज्याचे नाव कोरले, तो माणूस स्वतः मात्र नाव लपवीत राहिला. येशूसंघीयांच्या नीतिविचारावर कठोर टीका करणारी पत्रे त्याने १६५६-५७ मध्ये लिहिली, ती लुई द मोंताल्त या नावाने. १६५८ साली ‘चक्रज’ या वक्रावर गणितज्ञांना आव्हान दिले, ते त्याच अक्षरांची फिरवाफिरव करून घेतलेल्या आमोस देतोंव्हील या नावाने. पहिल्या वेळी भय होते, हे खरे. ती पत्रे १६५७ साली रोममध्ये निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातली गेली. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच पास्कलच्या चारशेव्या जयंतीला, १९ जून २०२३ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्याच्या गौरवार्थ प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले. पोप महोदय स्वतः येशूसंघीय होते! ख्रिस्तसभेची स्मृती दीर्घ असते, तशीच तिची क्षमाही.

चक्रजाच्या वेळी तर कसले भय नव्हते. मग तेव्हा नाव का लपविले? उत्तर आम्हांला त्याच्या अंगरख्यात सापडते. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री, साडेदहापासून मध्यरात्रीनंतरपर्यंत, त्याला परमेश्वराच्या सान्निध्याचा विलक्षण अनुभव आला. तो त्याने तुटक शब्दांत लिहून अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवला. ही गोष्ट तो जिवंत असेपर्यंत कोणाला कळली नाही. मृत्यूनंतर एका सेवकाच्या हाताला ते अस्तर जाड लागले, तेव्हा उलगडा झाला. त्या रात्रीनंतर, आम्हांला वाटते, स्वतःच्या नावाचे मोल त्याला उरले नसावे.

१६६२ च्या मार्चमध्ये पाच सू भाड्यात प्रवाशांना पॅरिसमधून नेणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या, त्या त्याच्याच कल्पनेतून. त्या उत्पन्नातून ब्ल्वा येथील उपाशी गरिबांना साहाय्य करावे, ही त्याची इच्छा. त्याच वर्षी त्याने घरी आश्रय दिलेल्या एका गरीब कुटुंबातील मुलाला देवी आल्या. आजारी पास्कलने त्या कुटुंबाला बाहेर काढले नाही. तो स्वतःच घर सोडून बहिणीकडे गेला. आजारपणात ख्रिस्तप्रसाद मिळेना, तेव्हा निदान एखाद्या गरीब रुग्णाला आणून आपल्याइतकीच त्याची शुश्रूषा करा, अशी त्याने विनवणी केली. शेवटी सर्व संस्कार घेऊन १९ ऑगस्ट १६६२ रोजी, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने देह ठेवला.

इंग्रजी व फ्रेंचमध्ये व्यक्तीच्या नावाचे पहिले अक्षर मोठे लिहितात. पण तेच नाव एकक म्हणून पूर्ण लिहिताना पहिले अक्षर लहानच ठेवावे, असा संकेत आहे. न्यूटनलाही त्यातून सूट नाही. नाव मोजमापाच्या सेवेला लागले, की त्याचा मोठेपणा उतरतो. आणि एक पास्कल म्हणजे दाब तरी केवढा? टेबलावर पसरलेल्या एका जाडसर कागदाचा असतो, जवळजवळ तेवढाच. पास्कलने अंगरख्यात जपलेला कागदही वजनाने असाच हलका होता. आठ वर्षे तो त्याच्याजवळ होता. आपण दानाच्या पाट्यांवर आणि बाकांवर नावे कोरून घेतो, तेव्हा त्या कागदाची आठवण व्हावी, एवढीच आमची प्रार्थना.