अक्षरांतून हललेला झोका

आमच्या केंदूरला ईदचा चंद्र बघायला माळावर गर्दी व्हायची. पंचांगातली वेळ शेजारचे काका आधीच सांगून मोकळे; आम्ही मात्र डोळ्यांना दिसेपर्यंत उभे. ती वेळ काढतं तरी कोण, हा प्रश्न मला तिथंच पडला.

उत्तर शोधता शोधता व्यंकटेश बापूजी केतकर भेटले. ‘ज्योतिर्गणित’ लिहिणारे हे शाळामास्तर. नेपच्यूनपलीकडे एक ग्रह असावा आणि त्याची सूर्यप्रदक्षिणा सुमारे २४२ वर्षांची असावी, असं त्यांनी १९११ साली फ्रान्समधल्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत मांडलं. १९३०च्या फेब्रुवारीत प्लूटो सापडला, प्रदक्षिणा २४८ वर्षांची! योगायोगाचा वाटा असेलही. त्याच वर्षी केतकर वारले. सारं गणित हातानं केलेलं.

पुढं १९५८ साली जॉन मॅकार्थी यांनी ‘लिस्प’ ही संगणकाची भाषा रचली. ती आकड्यांइतकीच अक्षरंही हाताळते, म्हणून माझ्यासारख्या बी.ए. कवीला जवळची वाटते. झोक्याचं उदाहरण घ्या. त्याची गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा यांची वजाबाकी अक्षरांत लिहून द्यायची. त्यातून गतीचं समीकरण यंत्र स्वतः काढतं. लांबी, वेग असे आकडे शेवटी घालायचे. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठदा बदलत असेल, तर तेवढ्या अवधीत पुढची जागा काढून झाली पाहिजे. तरच झोका घड्याळाबरोबर हलतो.

अमेरिकेतल्या एमआयटीचे जेराल्ड ससमन आणि जॅक विस्डम यांनी याच वाटेनं यामिकशास्त्राचं पुस्तक २००१ साली काढलं. त्याआधी, १९८८ साली, खास बांधलेल्या यंत्रावर त्यांनी प्लूटोचा ८४ कोटींहून अधिक वर्षांचा प्रवास मोजला होता. आरंभीची बारीकशी चूक दर दोन कोटी वर्षांना सुमारे पावणेतीन पट होते, असं दिसलं. १९९२ साली सगळ्या ग्रहांचं गणित केलं, त्या यंत्राचे आदेश तर लिस्पच्याच एका बोलीतून उतरवलेले होते.

परवा पुतण्यानं संगणकावर एका झोक्याला दुसरा झोका टांगून दाखवला. सुरुवात केसभर बदलली आणि काही क्षणांत दोघांची चाल पार वेगळी झाली. समीकरण तेच होतं. केतकर मास्तरांना हे दाखवायला हवं होतं, असं मला फार वाटलं.